चित्रकलेच्या सरांची कुस्ती

जत्रेच्या कुस्त्यांत चित्रकलेचे श्रीरंग सर लंगोट लावून उतरले, तेव्हा सगळं मैदान हसलं. पोट सुटलेलं, त्यात चष्मा काढलेला. समोरचा पैलवान त्यांना धुक्यातल्या झाडासारखा दिसत होता.

काठावर त्यांची बायको कलावती उभी होती. ती वस्तादाची मुलगी. वडिलांनी तिला लहानपणी कुस्ती शिकवली आणि ती वयात येताच तिचं आखाड्यात येणं बंद केलं. तेच डाव तिनं यंदा परसात नवऱ्याला शिकवले होते.

"अहो, पाय धरा, पाय!" ती ओरडली.

सरांनी पाय धरला. पैलवान क्षणभर डगमगला, मग सर अलगद हवेत गेले. खाली हलगी वाजत होती, वर निळं आभाळ संथ फिरत होतं. पाठ मातीला लागली तरी ते हसतच होते.

त्यांना उठवायला कलावती चपला काढून आत धावली. तळव्यांना माती लागली आणि ती थबकली. वाकून तिनं मूठभर माती दंडाला लावली, डोळे मिटले.

"वहिनी, बाहेर या," पंच म्हणाले. "पुढची कुस्ती लावायचीय."

"लावा की," सर पडल्यापडल्या म्हणाले. "हिच्याशी कोण लढतंय, तेवढं विचारा."