ज्याची त्याची रेवा

बदलीनंतर नागपुरात कुसुमाकरला ओळखीचं कुणी नव्हतं. म्हणून ‘अग्निनौका’ मालिकेच्या चाहत्यांच्या मेळाव्याला तो हौसेने गेला. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंना म्हणाला, “रेवा बुडाली तेव्हा मला दोन घास जाईनात हो.”

“बुडाली? माझ्या रेवाचं तर लग्न झालं!”

मागून कुणीतरी विचारलं, “रेवा कोण?”

मालिका रचणारं कृत्रिम बुद्धीचं यंत्र एकाच नावाखाली प्रत्येकाला त्याच्या मनासारखी वेगळी मालिका बनवून देतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तरी आपल्यासारखीच मालिका पाहिलेलं कुणी भेटेल, या आशेने सगळे आले होते.

“सांगा ना, कसं झालं लग्न?” कुसुमाकरने विचारलं. बाई डोळे पुसत भरभरून बोलल्या. त्याला काहीच वाटलं नाही. मग तो रेवाच्या मरणाबद्दल सांगू लागला, तेव्हा बाई जांभई दाबत होत्या.