ओळखीचं कोण?

पहिली शिट्टी निळ्या पत्र्याच्या दारामागून आली. विल्मरनं नुकताच त्या दाराचा फोटो काढला होता.

"पोरं फुटबॉल खेळत असतील," तो म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

मार्लेनेनं वर पाहिलं. दिव्याच्या खांबाला एक बाहुलं टांगलं होतं. माणसाएवढं. जीनची पँट, डोक्यात टोपी, मान एका बाजूला कललेली. छातीवर पाटी: चोर सापडला तर जाळू. चढून येताना अशी तीन दिसली होती. विल्मर तेव्हा हसला होता. "चिंध्या आहेत गं. चिंध्यांना काय भ्यायचं?"

दुसरी शिट्टी खालच्या गल्लीतून आली. मग तिसरी, चौथी. पुढं मोजता येईनात.

दर सुट्टीला केबल कारच्या एका नव्या स्टेशनावर उतरायचं आणि पायी भटकायचं, ही कल्पना विल्मरची. ला पासमध्ये चाळीस वर्षं काढली आणि निम्मं शहर पाहिलं नाही, असं तो म्हणायचा. छापखान्यात काम करायचा, आणि दारं हा त्याचा नाद. गंजलेली, ठिगळं लावलेली, एकावर एक तीन रंग दिलेली. "लोकांचे नवरे बायांच्या मागं असतात, माझा दारांच्या," असं मार्लेने मैत्रिणींना सांगायची. आज सर्व संतांचा सण, म्हणून सुट्टी. डोंगरउतारावरच्या या वस्तीत दोघं पहिल्यांदाच आली होती.

"चल," ती म्हणाली. "पळू नकोस. नुसता चाल."

पण खाली जाणारा जिना माणसांनी भरला होता. वरचाही. पुरुष, बाया, एक लंगडणारा म्हातारा. कुणी ओरडत नव्हतं. तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

वस्तीचा अध्यक्ष सिल्वेरिओ पुढं आला. त्यानं फोन मागितला आणि एकेक फोटो शेजारच्यांना दाखवला.

"हे माझं दार."

"हे माझ्या सुनेचं."

"अकरा दारं," सिल्वेरिओ म्हणाला. "गेल्या महिन्यात इथं चार घरं फुटली. त्याआधी कुणीतरी असंच हिंडून गेलं होतं."

"मला दारं आवडतात," विल्मर म्हणाला.

"चोरांनाही आवडतात," गर्दीतून आवाज आला. दोघंतिघं हसली. ते हसणं लगेच विझलं.

"इथं तुमच्या ओळखीचं कोण आहे?" सिल्वेरिओनं विचारलं.

मार्लेनेनं तोंड उघडलं. एक नाव हवं होतं. कुठलंही. पण नाव घेतलं की तो माणूस बोलावला जाणार. मागच्या एकाच्या खांद्यावर दोर होता. कुठून तरी पेट्रोलचा वास आला. विल्मरचा हात तिनं घट्ट धरला.

"बोला," सिल्वेरिओ म्हणाला. "एक तरी माणूस?"

निळं दार उघडलं. काळी शाल पांघरलेली एक म्हातारी उंबऱ्यात उभी होती. विल्मरच्या तोंडाकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"माझ्याकडं आलेत," ती म्हणाली. "माझ्या एलीसेओसाठी प्रार्थना करायला."

"यांची नावं काय, बासिलिया आजी?"

"प्रार्थनेला आलेल्याला नाव विचारतात का रे? गेल्या वर्षी तुझ्या गेलेल्या आईसाठी मांडलेल्या मेजापुढं पन्नास जण गुडघे टेकून गेले. सांग बरं त्यांची नावं."

सिल्वेरिओनं मान खाली घातली. मग म्हणाला, "ठीक आहे. करू देत प्रार्थना. आम्ही ऐकतो."

आत मेजावर काळं कापड होतं. मेणबत्त्या, उसाची कांडी, पावाची शिडी, रंगवलेल्या तोंडाची पावाची बाहुली. मधोमध सायकल धरून उभ्या असलेल्या एका तरुणाचा फोटो. वारलेली माणसं आजच्या दुपारी घरी येतात आणि उद्या दुपारपर्यंत राहतात. त्यांच्यासाठी दार उघडं ठेवायचं असतं.

विल्मरला शब्द आठवेनात. त्याचे ओठ नुसते हलत होते. दोरवाला दाराशीच उभा होता. मार्लेनेनं डोळे मिटले आणि "नमो मारिया" सुरू केलं. लहानपणापासून ही प्रार्थना तिनं रोज म्हटली होती. आज पहिल्यांदाच ती खरोखर काही मागत असल्यासारखी म्हटली. शेवटी "एलीसेओच्या आत्म्याला शांती मिळो" म्हणताना तिचा आवाज फाटला.

मागून कुणीतरी "आमेन" म्हणालं. मग सगळेच म्हणाले. सिल्वेरिओनं टोपी काढून हातात घेतली होती. त्यानं फोन मेजाच्या कडेला ठेवला. रिवाजाप्रमाणे बासिलियानं प्रत्येकाच्या हातावर डाव्या हातानं पाव ठेवला. दोरवाल्यानंही घेतला आणि खात खात गेला.

स्टेशनापर्यंत बासिलिया दोघांच्या सोबत आली. बाहुल्याखालून जाताना तिनं वर पाहिलं नाही.

"मुलगा का तुमचा?" मार्लेनेनं विचारलं.

"एकुलता एक."

"कशानं गेला?"

"सायकलवरून नवनव्या वस्त्या बघत हिंडायचा. नादच होता त्याला. पलीकडच्या डोंगरावर लोकांनी अडवलं. विचारलं, इथं तुझ्या ओळखीचं कोण आहे." ती दोन पायऱ्या उतरली. "कुणीच नव्हतं."

वर केबल कारचे डबे शांतपणे येत-जात होते. मार्लेनेला रडू फुटलं. तिनं वाकून म्हातारीचे दोन्ही हात धरले आणि ओठांना लावले. "तुम्ही नसता तर..."

"नको, पोरी." बासिलियानं हात सोडवून घेतले. तिची उजवी मूठ अजून मिटलेलीच होती. तिनं ती हळूहळू उघडली. तळहातावर घामानं ओली झालेली पत्र्याची शिट्टी होती.

"पहिली मीच वाजवली होती."