तळहाताएवढं दगडफूल

विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागात कुणी प्राध्यापक कर्करोगावर संशोधन करत, कुणी जनुकांवर. तिथल्याच एक प्राध्यापक बाई तेवीस वर्षं विभागाच्याच मागच्या भिंतीवरचं तळहाताएवढं दगडफूल मोजत होत्या. ते वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर पसरे. आज संकेतस्थळासाठी सगळ्यांचे फोटो त्याच भिंतीपुढे काढायचे होते, म्हणून विभागप्रमुखांनी रंगारी बोलावला. बाईंनी वर्गातली खुर्ची ओढत आणली आणि दगडफुलापुढे ठाण मांडलं. "अहो बाई, शेवाळच ते! खरवडलं तरी परत येईल की," आयुष्यभर माशांच्या अभ्यासात रमलेले प्रमुख म्हणाले. "येईल ना सर. एवढं व्हायला ऐंशी वर्षं घेईल. मोजायला तुम्ही थांबाल?" प्रमुख वैतागले. रंगारी रंगवत रंगवत खुर्चीपर्यंत आला. "ताई, किती वेळ बसणार?" बाईंनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेतला. "तेवीस वर्षं उभ्याने मोजलंय, दादा. आज तर खुर्ची आहे." रंगाऱ्याने डब्याला झाकण लावलं.