दोनशे चौदाचा दिवा

मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि बीकरकाकांनी फोनवरचं 'व्यत्यय नको'चं बटण दाबलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

कॉलेजच्या प्रयोगशाळेचं भांडार सांभाळता सांभाळता त्यांची पन्नाशी उलटली होती. बीकरकाका हे नाव मुलांनी पाडलेलं. आता प्राचार्यही तेच वापरायचे. जन्मभर काचसामान हाताळलेलं, त्यामुळे माणूस जपून वागणारा. बोलायला तर त्याहून जपून. "तुझ्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढायचं," असं थोरली बहीण म्हणायची.

आज मात्र बोलायचंच होतं. परीक्षा विभागातल्या बाईंचा आज शेवटचा दिवस होता. मुदतीआधी नोकरी सोडून त्या कायमच्या भावाकडे राहायला निघाल्या होत्या. तीनला समारंभ, चारला गाडी. आज नाही तर कधीच नाही.

आठ महिन्यांपूर्वी कॉलेजनं जुनं टेलिफोन एक्स्चेंज मोडीत काढलं आणि टेबलाटेबलावर इंटरनेटचे फोन आले. फोनवर प्रत्येकाच्या नावापुढे एक दिवा. माणूस मोकळा असला की हिरवा, बोलत असला की लाल. संगणक विभागातल्या मॅडमनी सगळ्यांना सभागृहात बसवून शिकवलं. 'मी जागेवर नाही, निरोप ठेवा, मी जरूर ऐकेन' असं प्रत्येकाच्या आवाजात भरूनही घेतलं. "आणि कुणाचा त्रास नको असेल, तर हे बटण," मॅडम म्हणाल्या. पुढचं काकांना ऐकूच आलं नाही. नेमकं तेव्हाच शेजारच्या खुर्चीतून परीक्षेच्या बाईंनी हळूच विचारलं होतं, "जास्तीचं पेन आहे का हो?"

काकांनी पेन दिलं. ते काही परत आलं नाही, आणि काकांचं चित्तही तेव्हापासून थाऱ्यावर आलं नाही.

मग हा रोजचा नेमच झाला. घंटा झाली की भांडारात चिटपाखरू नसायचं. आपण बोलायला जावं आणि नेमका कुणाचा ॲसिड संपल्याचा फोन मध्येच तडमडावा, असं नको, म्हणून आधी बटण दाबायचं. मग घसा खाकरायचा आणि बाईंचा नंबर, दोनशे चौदा, लावायला बोट उचलायचं.

आणि रोज बाईंच्या नावापुढचा दिवा लाल!

कधी दोन मिनिटं, कधी पाच. रोज, घंटेच्या ठोक्याला. पलीकडे कुणीतरी खास माणूस असणार, हे न कळायला काका काही दुधखुळे नव्हते. काय नशीब काढलंय मेल्यानं, असं त्यांच्या मनात यायचं. दिवा हिरवा होईपर्यंत सगळा धीर गळून गेलेला असायचा. मग ते मुकाट्यानं डबा उघडायचे, पण घास गोड लागायचा नाही.

सकाळी हजेरीच्या यंत्रापाशी बाई भेटायच्या. "काय, बरं आहे ना?" असं विचारून जरा थांबायच्या. काका "हो, हो" म्हणत बाजूला सरकून त्यांना वाट करून द्यायचे.

फोनची मात्र ते बडदास्त ठेवायचे. त्याच्या माथ्यावर एक बारका दिवा सारखा लुकलुकायचा. तो लुकलुकतोय म्हणजे नेट चालू आहे, एवढं काकांना कळायचं. रोज सकाळी ते फडक्यानं तो पुसायचे.

आजही दोनशे चौदा लाल होता. आज तर पुरी बारा मिनिटं. शेवटच्या दिवशीही त्याच्याशीच! दिवा हिरवा झाला तसा काकांनी सगळा जीव बोटात आणून नंबर लावला. घंटी वाजत राहिली. मग बाईंचा आवाज आला, "मी जागेवर नाही, निरोप ठेवा, मी जरूर ऐकेन." यंत्राशी काय बोलायचं, म्हणून काकांनी फोन ठेवून दिला.

समारंभात भाषणं झाली, चहा झाला. बाई एकेकाशी बोलत काकांपर्यंत आल्या आणि थांबल्या. सगळ्यांच्या देखत त्यांनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय का?"

काकांच्या डोळ्यांपुढे तो बारा मिनिटांचा लाल दिवा आला. दुसऱ्याच्या सुखात आपण कशाला बिब्बा घालायचा?

"प्रवास जपून करा," ते म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच."

बाई हसल्या. पर्समधून पेन काढून त्यांनी काकांच्या हातावर ठेवलं. "तुमचं राहिलं होतं माझ्याकडे," म्हणाल्या, आणि पुढे गेल्या.

साडेचारला संगणकाच्या मॅडम भांडारात आल्या. काका पेन उघडत होते, मिटत होते.

"काका, दुपारपासून तुमचं 'व्यत्यय नको' चालूच आहे. प्राचार्य कधीचे फोन लावतायत. आणि ही निरोपांची पेटी कधी रिकामी करणार? दीडशेच्या वर गेलेत!"

"कसले निरोप?"

"अहो, आठ महिने हा दिवा लुकलुकतोय की!"

"तो नेटचा ना?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "काय म्हणावं तुम्हाला! ते बटण दाबलं की येणारा फोन न वाजता पेटीत जातो, सांगितलं होतं ना मी? बघा, सगळे एकाच नंबरवरून आलेत. ताजा आधी लागतो. आज एक दहाचा आहे, चांगला बारा मिनिटांचा."

त्यांनी रिसीव्हर काकांच्या कानाला लावला.

"अहो, मीच. रोजचीच. आठ महिने मी बोलतेय आणि तुम्ही ऐकताय, त्यावर माझे दिवस फार छान गेले. पण आज मी सगळ्यांसमोर विचारणार आहे, काही सांगायचंय का म्हणून. नुसतं 'थांबा' म्हणा. बांधलेलं सामान सोडायला कितीसा वेळ लागतो?"