जुन्याच रंगाचा पत्रा

विमानातून काढलेल्या फोटोंवरून चोरटी बांधकामं हुडकण्यात घारकाकांचा हात धरणारं ऑफिसात कोणी नव्हतं. एकदा पाहिलेलं छप्पर ते वर्षानुवर्षं विसरत नसत. बदली होऊन आलेल्या बाईंनाही त्यांनी मागे लागून लागून तयार केलं. "पत्र्याच्या रंगाला भुलू नका, बाई. सावली लक्षात ठेवा."

आज यंदाचे फोटो आले आणि बाई ताडकन उठल्या. "साहेब, या घराची सावली गेल्या वर्षी एवढी लांब नव्हती! वर गुपचूप खोली चढवलीय."

साहेबांनी जुना फोटो काढून ताडून पाहिला. बाईंचं शंभर टक्के खरं होतं.

"काका, शिष्येनं नाव काढलं की तुमचं! घ्या, लाल खूण तुमच्याच हातानं होऊ दे. पाडायच्या यादीत पहिलं हेच. घर कोणाचं ते उद्या कळेलच."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी कसंबसं "शाब्बास" म्हणत पेन हातात घेतलं.

 

दुकानं पालथी घालून आणलेल्या त्या जुन्याच रंगाच्या पत्र्याखाली, कायमची माहेरी परतलेली त्यांची लेक तान्ह्या बाळाला निजवत होती.