ताईनं स्वतः वाचलेली बातमी

ताईला जन्मापासून दिसत नाही, पण कॉलेजच्या बातम्यांच्या वेबसाइटवर सामन्यांचं वर्णन ऐकून खेळाच्या बातम्या तीच लिहायची. लिहिलेली बातमी साइटवर आली की मात्र ती संपादकाकडून वाचून घ्यावी लागे. साइटवरच्या सरकत्या चित्रांच्या गर्दीत तिचा वाचून दाखवणारा फोन पहिल्याच पानावर अडखळायचा. साइट नव्यानं करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी ती चित्रं सरळ काढून टाकली. "अगदीच साधी दिसतेय," संपादकानं नाक मुरडलं. मी हट्ट सोडला नाही. आज सकाळी नवी साइट सुरू झाली. ताईनं सगळ्यांसमोर इअरफोन कानात घातला, फोनवर बोट फिरवत आपल्या कालच्या सामन्याच्या बातमीपाशी पोचली आणि ऐकू लागली. तिचा चेहरा फुलत गेला, मग एकदम कपाळावर आठी उमटली. मी घाईनं विचारलं, "अडलं का गं कुठे?" "मला कुठे अडतंय! पण माझं शेवटचं वाक्य कुणी खाल्लं? पंच चुकले, असं स्पष्ट लिहिलं होतं मी." संपादक चाचरला, "अगं, जागा नव्हती..." "साइटवर जागा नव्हती? आणि हे आजवर किती वेळा केलंस रे?" खोलीत हशा पिकला. संपादकानं कान पकडले आणि खुर्ची रिकामी केली. ताई तिथं बसली, वाक्य स्वतः टाइप केलं आणि बातमी पुन्हा पहिल्यापासून ऐकली. या वेळी ती शेवटपर्यंत हसत होती.