पाठीवरच्या खुणा

डॉक्टर सामंतांनी भालचंद्रला शर्ट काढायला सांगितलं. त्याची बायको मृदुला शेजारीच उभी होती. छातीवर औषधाची निळी चकती होती, ती त्यांनीच लावलेली. कॅन्सरची गाठ जाळणाऱ्या लाल सलाइनपासून ती हृदयाला वाचवायची. पण पाठीवरही तशाच गोल खुणा उमटल्या होत्या.

"हे काय?"

मृदुला पुढे झाली. "वापरलेली चकती अर्धी निळीच राहते, डॉक्टर. फेकवत नाही. पुढच्या सलाइनला येताना ती ह्यांच्या पाठीला लावते. मामंजी ह्याच सलाइनने हृदय बंद पडून गेले. तेव्हा चकत्या कुठे होत्या? म्हटलं, तेवढाच जास्तीचा आधार."

"एक चकती हृदयाला पुरते, ताई. जास्तीचं औषध रक्तातून अंगभर फिरतं आणि वाटेत जे भेटेल त्याला वाचवतं."

"पण ह्यांच्या हृदयाला काही झालं नाही ना?"

"नाही. हृदय ठणठणीत आहे."

भालचंद्रने सुटकेचा श्वास सोडून तिचा हात धरला. डॉक्टरांनी पडद्यावर कालच्या तपासणीचं चित्र लावलं.

"गाठसुद्धा ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या.